ईसी कॉमिक्स: शेवटची चौकट आधीच कळते, मग मजा कशात आहे?

पावसाळी_बेडूक:

नमस्कार मंडळी,

माझा भाऊ गेल्या महिन्यात अमेरिकेहून आला आणि येताना माझ्यासाठी विटेएवढं जाड पुस्तक घेऊन आला. ईसी या अमेरिकी प्रकाशकाच्या, १९५०च्या दशकातल्या 'द हॉन्ट ऑफ फिअर' या भयकथांच्या कॉमिकच्या अंकांचं पुनर्मुद्रण. "तुला भुताखेतांचं वेड आहे ना, मग ही त्या सगळ्यांची पणजी," असं म्हणून ते हातात ठेवलं आणि माझ्या डब्यातल्या चकल्या संपवून निघून गेला.

रात्री अकराला वाचायला बसले. पहिली गोष्ट संपल्यावर खरंच उठून स्वयंपाकघरातला दिवा लावून आले. दुसरी बरी. चौथीपासून मात्र साचा कळायला लागला. कुणीतरी हलकट माणूस बायकोला, भागीदाराला नाहीतर पैसेवाल्या म्हाताऱ्याला मारतो. मढं उठून येतं. ज्या तऱ्हेने मारलं त्याच तऱ्हेने सूड घेतं. मग गोष्ट सांगणारी ती म्हातारी चेटकीण खिदळत एक फालतू कोटी करते. संपलं. पाचव्या गोष्टीचा शेवट मी दुसऱ्या पानावर नवऱ्याला सांगितला, त्याने शेवटचं पान उघडून पडताळला आणि "झोप आता" म्हणाला.

'फाउल प्ले' नावाची ती बेसबॉलची गोष्ट (तीच, खुनी खेळाडूला मध्यरात्री मैदानावर नेऊन त्याच्याच अवयवांनी सामना खेळतात) वाचून किळस आली, पण भीती नाही वाटली. आणि मजकूर किती तो! चित्रात माणूस दार उघडतोय आणि डोक्यावर चार ओळी: त्याने थरथरत्या हाताने दार उघडलं. अहो, दिसतंय की!

लोक या कॉमिक्सबद्दल इतक्या भक्तिभावाने बोलतात, तर माझंच वाचायचं काही चुकतंय का? यांच्या विज्ञानकथाही आहेत म्हणे, त्या वेगळ्या आहेत का? नेमकं काय वाचू? भूत नसलं तरी चालेल.

---

अर्धाकप:

एका बैठकीत आठ पुरणपोळ्या खाल्ल्या की नववीला पुरण बिघडलेलंच लागतं.

तो अंक दोन महिन्यांतून एकदा यायचा. दहा सेंट किंमत, आत चार गोष्टी. म्हणजे तुम्ही अडीच तासांत चार महिन्यांचं वाचन उरकलंत. दिवसाला एक वाचा, तीही रात्री नको, दुपारी जेवणानंतर.

---

खिळेजुळारी:

बेडूकताई, तुमची तक्रार रास्त आहे. फक्त मला ती उलट्या बाजूने दिसते, म्हणून जरा लांबण लावतो. चहा घेऊन बसा.

मी गिरगावातल्या एका छापखान्यात चौतीस वर्षं काढली. खिळे जुळवण्यापासून सुरुवात केली, पुढे ऑफसेट आलं तसा निगेटिव्ह आणि प्लेटच्या कामाला लागलो. लहानपणी कॉमिक्स म्हणजे इंद्रजालचा वेताळ, त्यापलीकडे काही ठाऊक नव्हतं. निवृत्तीनंतर मुलीकडे न्यू जर्सीला गेलो. बाहेर गुडघाभर बर्फ, घरात सगळे कामावर. तिथल्या वाचनालयात मोठ्ठ्या आकाराचे, खोक्यात घातलेले काळेपांढरे ग्रंथ मिळाले. रस कॉक्रन नावाच्या माणसाने काढलेले ईसीचे संच. मालक बिल गेन्स याने जवळजवळ सगळी मूळ चित्रं सांभाळून ठेवली होती आणि हे संच त्या मुळांवरून छापलेले, जुन्या अंकांवरून नाहीत. त्यामुळे शाईची रेघ न् रेघ दिसते. मी गोष्टी वाचल्याच नाहीत आधी. आठवडाभर नुसती पानं न्याहाळली, आमच्या धंद्यातला माणूस काय करणार!

आणि मला पहिल्यांदा खटकलं तेच, जे तुम्हाला खटकलं. मजकूर.

त्याचं कारण असं. गेन्स भूक मारायच्या गोळ्या खायचा, त्याने झोप उडायची, मग रात्रभर गोष्टी वाचून कथाबीजांच्या चिठ्ठ्या करायचा. सकाळी संपादक अल फेल्डस्टीनपुढे एकेक चिठ्ठी टाकायची. फेल्डस्टीन नको नको म्हणत शेवटी एक उचलणार आणि संध्याकाळपर्यंत गोष्ट पुरी. आठवड्याला चार. वेगळं हस्तलिखित असं नाहीच, थेट चित्राच्या बोर्डवर चौकटी आखून त्यातच लिहायचा. मग तो बोर्ड अक्षरं काढणाऱ्याकडे. अक्षरं काढायला लेरॉय नावाचं अवजार होतं, खाचा पाडलेली पट्टी आणि तिच्यावरून सरकणारी लेखणी. इंजिनिअरांच्या नकाशांवर असतात ना, तशी सरळसोट अक्षरं. हे सगळं झाल्यावर बोर्ड चित्रकाराच्या हातात. म्हणजे चौकटी ठरलेल्या, मजकूर शाईत पक्का झालेला, आता उरलेल्या जागेत काय ते काढ बाबा. (ईसीचाच दुसरा संपादक हार्वी कर्ट्झमन, त्याच्या युद्धकथांचं काम वेगळं चालायचं, तो स्वतः रेखाटन करून द्यायचा.)

आमच्याकडे चित्राचा ठोकळा आधी बसायचा आणि मजकूर त्याच्याभोवती वळवायचा. इथे सगळंच उलटं. मला वाटलं, हा चित्रकाराचा छळ आहे. पण आठवड्याभराने दुसरं काहीतरी जाणवलं. ती अक्षरं पंचनाम्यासारखी आहेत. मढं जिना चढतंय, चिखल ठिबकतोय, आणि सांगणारा मात्र मामलेदार कचेरीतल्या कारकुनासारखा एका सुरात नोंद करतोय. हातांनी काढलेली, थरथरती, रक्ताळलेली अक्षरं असती तर दोन पानांत हसू आलं असतं.

आता शेवट आधी कळण्याचं. कीर्तनात हरिश्चंद्राचं पुढे काय होणार हे पहिल्या रांगेतल्या आजीला बुवांपेक्षा जास्त ठाऊक असतं. ती येते ते बुवा तिथपर्यंत कसे नेतात हे बघायला. ईसीच्या तीन निवेदकांचं, क्रिप्ट-कीपर, व्हॉल्ट-कीपर आणि तुमची ती म्हातारी चेटकीण, यांचं काम बुवांचं आहे. मध्येच विनोद, मध्येच टोमणा, आणि पापी माणसाला शिक्षा होणार याची पहिल्या चौकटीपासून हमी. तुम्ही 'काय होणार' वाचत होतात. 'आता याच्यापर्यंत ते कसं पोचणार' हे वाचून बघा.

पण चित्रकार ओळखून वाचा, नाहीतर सगळं एकाच घाण्यातलं वाटेल.

ग्रॅहम इंगल्स हा 'घास्टली' अशी सही करायचा. त्याच्या चित्रात कोरडी वस्तू नसते. माणसाच्या ओठांना तार सुटलेली, झाडांना शेवाळं लोंबतंय, म्हातारीच्या केसांतून सुद्धा पाणी निथळेल असं वाटतं. त्याची 'पोएटिक जस्टिस' (हॉन्ट ऑफ फिअर, अंक १२) वाचा. पुढे रसभंग आहे. गरीब म्हातारा कचरा गोळा करतो, कुत्री पाळतो, मुलांना जीव लावतो. शेजारच्या श्रीमंत बापलेकांना तो नको आहे. ते त्याचं एकेक सुख काढून घेतात आणि शेवटी व्हॅलेंटाइनच्या दिवशी त्याला शिव्याशापांची भेटकार्डं पाठवतात. म्हातारा गळफास घेतो. वर्षाने परत येतो. आता, शिक्षा तर तुम्ही पहिल्या पानावर ओळखाल. पण शेवटी रक्ताने लिहिलेल्या कवितेचा एक शब्द कागदावर नसतोच, कागदात गुंडाळलेला असतो. मला त्या शब्दापेक्षा आधीची पानं छळतात. भेटकार्डं वाचत बसलेल्या म्हाताऱ्याचा चेहरा. इतकी साधी क्रूरता आपण चाळीत पाहिलेली असते हो.

जॉनी क्रेग याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. इस्त्रीच्या कपड्यांतली माणसं, नीटनेटक्या खोल्या. स्वतःच लिहायचा, स्वतःच काढायचा. त्याची 'अँड ऑल थ्रू द हाउस' (व्हॉल्ट ऑफ हॉरर, अंक ३५): नाताळच्या आदल्या रात्री बाईने नवऱ्याला मारलंय, आणि बाहेर वेड्यांच्या इस्पितळातून पळालेला खुनी सांताच्या वेषात फिरतोय. घरात प्रेत, म्हणून पोलिसांना फोन करता येत नाही. भूत औषधालासुद्धा नाही. आणि वरच्या मजल्यावर लहान मुलगी सांताची वाट बघत जागी आहे. पुढचं सांगत नाही.

मुलीच्या घराजवळच्या एका दुकानदाराने एकदा मला खरा जुना अंक प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून दाखवला. हात लावू दिला नाही, नुसती दोन पानं उलटली. न्यूजप्रिंट पिवळा पडून कडा तांबूस झालेल्या, आणि वास आमच्या गोदामाचा. लाल रंग केसभर उजवीकडे सरकला होता, बाईचे ओठ थोडे गालावर गेलेले. मला त्या छापणाऱ्याची कीव आली. आमच्या मालकांनी असा फर्मा पाहिला असता तर दिवसाचा पगार गेला असता. पण सांगू का, सरकलेल्या लाल रंगामुळे ती बाई जास्त भयंकर दिसत होती. रंग मेरी सेवेरिनचे. जिथे फार ओंगळ काही असेल तिथे ती अख्खी चौकट एकाच निळ्या नाहीतर पिवळ्या रंगात बुडवायची. मऊ करण्यासाठी म्हणे. माझ्या डोळ्यांना तर नजर नेमकी तिकडेच जाते.

विज्ञानकथांवर वेगळं लिहितो, बोटं दुखायला लागली.

---

उपरा_ग्रहवासी:

काकांनी लिहायच्या आत मी विज्ञानकथांवर उडी मारतो, कारण ते ईसीपलीकडे जाणार नाहीत असा वास येतोय.

ईसीच्या 'वीअर्ड सायन्स' आणि 'वीअर्ड फँटसी' उत्तम आहेतच. चित्रकार वॉली वूडची अंतराळयानं बघा, नळ्या, काटे, झडपा, कुठे बोटभर मोकळी जागा नाही. मजेशीर किस्सा: त्यांनी विज्ञानकथाकार रे ब्रॅडबरीच्या दोन कथा न विचारता एकत्र करून 'होम टू स्टे' (१९५२) छापली. ब्रॅडबरीने खटला भरला नाही. सभ्य पत्र लिहिलं की दोन्ही कथांच्या हक्कांचे पन्नास डॉलर अजून पोचले नाहीत, कामाच्या गडबडीत राहून गेलं असेल. गेन्सने मुकाट्याने पैसे पाठवले आणि पुढे रीतसर परवानगीने बऱ्याच कथा आल्या. त्यातली 'देअर विल कम सॉफ्ट रेन्स' वूडने काढलीय: माणसं गेलीत, घर मात्र सवयीने नाश्ता बनवतंय. बेडूक, तुम्हाला ही चालेल. एकही मढं उठत नाही.

पण त्याच काळात डीसी या दुसऱ्या प्रकाशनाचा संपादक ज्युलियस श्वार्ट्झ 'स्ट्रेंज ॲडव्हेंचर्स' आणि 'मिस्टरी इन स्पेस' चालवत होता, त्याला कुणी विचारत नाही. हा गृहस्थ आधी साहित्यिक एजंट होता, खुद्द ब्रॅडबरीच्या सुरुवातीच्या कथा त्याने विकल्या होत्या. त्याची पद्धत अशी की मुखपृष्ठ आधी. अशक्य चित्र काढून घ्यायचं आणि लेखकाला सांगायचं, आता याला गोष्ट शोध. १९५१मध्ये माणसाचा मेंदू असलेल्या गोरिलाचं मुखपृष्ठ धडाधड खपलं, आणि मग काय, वर्षानुवर्षं मुखपृष्ठांवर गोरिले. याला म्हणतात धंदा!

आणि १९६१-६२मधलं 'अमेझिंग ॲडल्ट फँटसी'. लेखक स्टॅन ली आणि चित्रकार स्टीव्ह डिटको, पाच-पाच पानांच्या गोष्टी. घामेजलेली, बोटं वाकडी झालेली, भिंतीला पाठ लावून उभी असलेली माणसं डिटकोसारखी कुणी काढली नाहीत. पुढच्याच अंकात, १५व्यात, नावातला 'ॲडल्ट' काढला आणि स्पायडरमॅन आणला. लोक त्याच्यासाठी तो अंक हुडकतात, मी आधीच्या आठ अंकांसाठी.

---

खिळेजुळारी:

उपरे, डिटकोबद्दल शंभर टक्के मान्य. गोरिलांबद्दल मौन पाळतो.

---

पावसाळी_बेडूक:

काका, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. 'पंचनामा' शब्दावर तो थांबला आणि पुस्तक मागून घेतलं. आता ते त्याच्या उशाशी आहे, माझ्या नाही.

एक मात्र कळलं नाही. इतकं खपत होतं तर बंद का पडलं? भाऊ म्हणतो, कुणा एका डॉक्टरने सगळं बुडवलं.

---

निशाचर_वॉर्ड:

मी मनोविकार विभागात काम करते, त्यामुळे 'तो डॉक्टर' हा माझा दुखरा विषय आहे.

फ्रेडरिक वर्थम. १९५४चं त्याचं 'सिडक्शन ऑफ द इनोसंट' हे पुस्तक म्हणजे कॉमिक्सवरचं आरोपपत्र. बेडूक, तुमच्या त्या बेसबॉलच्या गोष्टीचं चित्रही त्यात आहे. २१ एप्रिल १९५४ला न्यूयॉर्कमध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे वर्थमची आणि गेन्सची एकाच दिवशी साक्ष झाली. गेन्स स्वतःहून गेला होता. सिनेटर केफॉव्हरने ईसीच्याच 'क्राइम सस्पेन्सस्टोरीज'च्या २२व्या अंकाचं मुखपृष्ठ वर धरलं: एका हातात कुऱ्हाड, दुसऱ्या हातात बाईचं तोडलेलं डोकं. हे सुरुचीला धरून आहे का? गेन्स म्हणाला, हो, भयकथेच्या मुखपृष्ठाच्या मानाने आहे. डोकं आणखी वर धरून मानेतून रक्त ठिबकताना दाखवलं असतं तर वाईट झालं असतं. दुसऱ्या दिवशी हेच वर्तमानपत्रात. काकांनी सांगितलेल्या त्या गोळ्यांचा अंमल साक्षीच्या मध्यावर उतरला, असं गेन्सनेच पुढे सांगितलं. साक्षीला जाणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग वाचावा.

वर्थमने पुस्तकासाठी मुलांच्या नोंदींत फेरफार केले होते हेही खरं. कॅरल टिली या संशोधिकेने त्याचे कागद तपासून २०१२मध्ये ते मांडलं. दोन मुलांचं बोलणं एकाच्या तोंडी, गैरसोयीची माहिती गाळलेली. आमच्या शास्त्रात हा गुन्हाच.

तरीही त्याला नुसता खलनायक म्हणणं मला जड जातं. १९४६मध्ये हार्लेममध्ये त्याने लाफार्ग क्लिनिक काढलं, कृष्णवर्णीयांना परवडेल अशा जवळजवळ नाममात्र पैशांत मानसिक उपचार. तेव्हा हे करणारे फार थोडे होते. वेगळ्या शाळांमुळे मुलांच्या मनावर काय परिणाम होतो ही त्याची साक्ष डेलावेअरच्या खटल्यात वापरली गेली, आणि तो खटला पुढे शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या १९५४च्या निकालात सामील झाला. माणूस एकाच वेळी दोन्ही होता. कॉमिक्सवाले त्याला ओळखतात, आमच्यातले बहुतेक ओळखतही नाहीत.

---

खिळेजुळारी:

डॉक्टरबाई, हे मला ठाऊक नव्हतं. आणि आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय झोप लागायची नाही, कारण तुमच्या त्या शाळांच्या खटल्याची सावली तिच्यावर पडलीय.

'जजमेंट डे'. वीअर्ड फँटसी, अंक १८, १९५३. लिहिली फेल्डस्टीनने, काढली जो ऑर्लँडोने. सात पानं. पृथ्वीवरून टार्ल्टन नावाचा तपासनीस सायब्रिनिया ग्रहावर येतो. तिथे फक्त यंत्रमानव. ते आता आकाशगंगेच्या प्रजासत्ताकात यायच्या लायकीचे झालेत का, हे बघायचं आहे. नारिंगी यंत्रमानव त्याला अभिमानाने कारखाना दाखवतो. मग टार्ल्टन विचारतो, निळे कुठे तयार होतात? वाटाड्याचा चेहरा पडतो (पत्र्याचा चेहरा पडलेला दाखवणं सोपं नाही, ऑर्लँडोने दाखवलाय). निळ्यांची वस्ती गावाच्या दुसऱ्या टोकाला, बसमध्ये जागा मागे. कारखाना तोच, सुटे भाग तेच, फक्त वरचा पत्रा वेगळ्या रंगाचा आणि डोक्यात भरलेलं शिक्षण वेगळं. टार्ल्टन सांगतो, अजून तुमची वेळ आली नाही. यानात बसतो. गोष्टभर त्याने शिरस्त्राण घातलेलं आहे. शेवटच्या चौकटीत ते काढतो. कृष्णवर्णीय माणूस, आणि त्याच्या कपाळावरचे घामाचे थेंब दूरच्या ताऱ्यांसारखे चमकताहेत.

बेडूकताई, 'शेवट आधी कळतो' म्हणालात ना? ही तुमच्यासाठी. मला नव्हता कळला, आणि का नव्हता कळला याची मला त्या वाचनालयात बसल्या बसल्या लाज वाटली. शिरस्त्राणाच्या आत मी आपोआप एक गोरा चेहरा बसवला होता. मी! ज्याला न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या बसथांब्यावर आदल्याच दिवशी कुणीतरी बोलून गेलं होतं.

आता पुढचं. साक्षीनंतर प्रकाशकांनी १९५४च्या शरद ऋतूत स्वतःचीच आचारसंहिता केली, कॉमिक्स कोड. मुखपृष्ठावर शिक्का नसेल तर विक्रेते गठ्ठे न सोडता परत पाठवायचे. नियम काय, तर नावात 'हॉरर' आणि 'टेरर' हे शब्द नकोत, रक्तपिपासू, नरपशू, उठलेली मढी काही नको. म्हणजे ईसीचं नाव घेतलं नाही इतकंच. भयकथांचे अंक बंद झाले. विज्ञानकथेचा एक अंक 'इन्क्रेडिबल सायन्स फिक्शन' नावाने धुगधुगत होता. त्याच्या ३३व्या अंकातली एक गोष्ट कोडवाल्यांनी नाकारली, म्हणून फेल्डस्टीनने त्या जागी जुनी 'जजमेंट डे' टाकली. कोडचे प्रमुख न्यायाधीश मर्फी म्हणाले, अंतराळवीर कृष्णवर्णीय चालणार नाही. फेल्डस्टीनने सांगितलं, मग गोष्टीत उरलं काय? गेन्सने फोनवर धमकी दिली, पत्रकार परिषद घेतो म्हणून. मग मर्फी म्हणे, बरं, निदान घामाचे थेंब तरी काढा.

घामाचे थेंब! चौतीस वर्षांत गिऱ्हाइकांनी माझ्याकडून काय काय काढून घेतलं, देवाच्या मूर्तीवरचा डाग, नवरदेवाचं टक्कल, पण घाम नाही कधी. गेन्सने थेंब ठेवले आणि अंक तसाच छापला. तो ईसीचा शेवटचा कॉमिक अंक, १९५६. त्यानंतर त्यांच्याकडे राहिलं फक्त 'मॅड' हे विनोदी नियतकालिक, तेही तोवर मासिकाच्या आकाराचं झालं होतं, म्हणून कोडच्या कचाट्याबाहेर.

पुढे १९६४ला 'क्रीपी' या भयकथांच्या अंकवाल्यांनी हीच पळवाट काढली. मोठा आकार, काळंपांढरं, हे मासिक आहे हो, कॉमिक नाही. कोडमध्ये रक्तपिपाशांना पुन्हा प्रवेश मिळाला १९७१मध्ये.

आणि ताई, सगळं सोडून एक वाचायची तर बर्नार्ड क्रिगस्टीनची 'मास्टर रेस'. 'इम्पॅक्ट'चा पहिला अंक, १९५५. सहा पानांची गोष्ट दिली होती, हा बारा मागत होता, आठवर तडजोड झाली. मग या पठ्ठ्याने काय केलं, तर मजकूर पक्का झालेले बोर्ड कापले आणि तुकडे नव्याने लावून चौकटी वाढवल्या. जुळवलेल्या खिळ्यांची गॅली फोडून परत लावायची म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. यावर एक शब्द जास्त बोलत नाही. वाचा.

---

अर्धाकप:

जाता जाता: खिशाला चाट नको असेल तर त्या काळच्या बंद पडलेल्या प्रकाशकांचे कितीतरी अंक हक्क न वाढवल्यामुळे खुले झालेत, 'डिजिटल कॉमिक म्युझियम'वर फुकट वाचता येतात. 'ॲडव्हेंचर्स इंटू द अननोन' (१९४८पासून) बघा, पहिलं नियमित भयकथा-कॉमिक. ईसी तिथे नाही, त्याचे हक्क शाबूत आहेत.

गंमत म्हणून त्यातली दोन पानांची नुसत्या मजकुराची गोष्टही वाचा. ती कुणी वाचत नसे. टपालाचा सवलतीचा दर मिळायला अंकात थोडा मजकूर लागायचा, म्हणून घातलेली.

---

पावसाळी_बेडूक:

उशीर झाला, माफ करा. 'मास्टर रेस' भावाने मिळवून दिली.

ज्यांनी वाचली नाही त्यांनी पुढचं वाचू नका. एक माणूस न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत चढतो, समोर दुसरा येऊन बसतो, आणि पहिल्याला छळछावणी आठवायला लागते. मी सगळा वेळ समजत होते की हा तिथून सुटलेला कैदी. म्हणजे काका, पुन्हा तेच, चेहरा मीच बसवला. तो छावणीचा अधिकारी निघाला. पळताना फलाटावरून घसरतो. आणि दुसरा माणूस नंतर म्हणतो, मी याला ओळखत नव्हतो. खरं बोलतोय की खोटं, यावर आमच्या घरी दोन दिवस वाद चालू आहे. नवरा म्हणतो खोटं.

पण मला लिहायचंय ते वेगळंच. एका चौकटीत गाडी समोरून धडधडत जाते आणि खिडकीतले चेहरे त्याने एकापुढे एक चिकटवल्यासारखे काढलेत, तोच चेहरा तीनतीनदा, कापलेला. तो पडतानाच्या चौकटी तर पट्ट्यांसारख्या अरुंद. आधी वाटलं, हे काय विचित्र. काल ठाण्याला फलाटावर उभी होते, मधून एक न थांबणारी जलद गाडी गेली. दारातली माणसं, खिडकीतली माणसं, कुणाचं नाक, कुणाचा डोळा, मोबाइलचा उजेड, परत नाक. अगदी तसंच. एक पाऊल मागे सरकले.

काका, ते बोर्ड कापल्याच्या खुणा छापलेल्या पानावर दिसतात का हो? मी भिंग लावून बघत होते.

---

खिळेजुळारी:

तुमच्या रंगीत प्रतीत नाही दिसणार. पण मजकुराच्या पेट्या बघा. इतर गोष्टींत त्या चौकटीच्या काठाला काठ लावून असतात. इथे काही ठिकाणी दोन ओळींचाच तुकडा एकटा वर बसवलाय आणि खाली मोकळी जागा. ती जागा त्याने कात्रीने मिळवलीय. तिसऱ्या पानापासून बघायला लागा, आणि भिंग नवऱ्यालाही द्या.